जुना कोट खरं बोलतो का? आफ्रिका कोअरच्या गणवेशावरून साधनांची चिकित्सा



इतिहासाची साधने तीन प्रकारची असतात: भौतिक, लिखित आणि मौखिक. मुलं हे पाठ करतात, पेपरात लिहितात, गुण मिळवतात. पण साधन खोटं असू शकतं, आणि खरं साधनसुद्धा चुकीच्या गोष्टीला जोडलं जाऊ शकतं, हे पाठ करून कळत नाही. त्यासाठी एखादी वस्तू हातात घ्यावी लागते. मला ते एका जुन्या कोटामुळे कळलं. ती हकिकत आणि त्यातून तयार झालेला पाठ आज तुमच्यापुढे ठेवतोय.

कोट शाळेत आला

दिवाळीच्या सुट्टीनंतर नववीतल्या एका मुलीची आई शाळेत आली. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, विटून वाळूच्या रंगाचा झालेला सुती कोट होता. "सर, हा जर्मन कोट आहे. आमच्या आजेसासऱ्यांनी लढाईतून आणलेला. ते इजिप्तकडे होते. तुम्ही इतिहासाचे, तुम्हीच बघून सांगा."

मग जरा घुटमळून म्हणाल्या, "एक जण म्हणतो, रोमेलच्या फौजेच्या कोटाला परदेशात मोठी किंमत येते. पण छातीवर गरुडाचा बिल्ला नाही, तेवढा विकत आणून शिवून घ्या म्हणाला. पोरीची पुढची फी निघेल."

मी म्हटलं, "ताई, बिल्ला शिवू नका. आठ दिवस द्या."

खरं सांगायचं तर मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. पण खोटा कोट ओळखायचा तर आधी खरा कसा असतो ते माहीत हवं. म्हणून मी वाचायला बसलो.

हा गणवेश आला कुठून?

१९४०च्या डिसेंबरपासून ब्रिटिश आणि भारतीय फौजांनी इजिप्त-लिबियाच्या वाळवंटात इटलीच्या सैन्याला मागे रेटलं. आपली चौथी भारतीय डिव्हिजन त्यात होती. इटलीच्या मदतीला हिटलरने सैन्य पाठवलं. १२ फेब्रुवारी १९४१ रोजी जनरल रोमेल त्रिपोलीला उतरला. त्याच्या या सैन्याचं नाव आफ्रिका कोअर. सव्वादोन वर्षं लढाई पुढे-मागे होत राहिली आणि १३ मे १९४३ रोजी ट्युनिशियात जर्मन-इटालियन फौजा पूर्णपणे शरण आल्या.

युरोपातल्या थंडीसाठी शिवलेला लोकरी गणवेश वाळवंटात चालणार नव्हता. म्हणून जर्मन सैन्याने सुती गणवेश काढला. त्याची ओळख थोडक्यात अशी:

कापड: घट्ट विणीचं सुती ट्विल. भूदलाचा मूळ रंग ऑलिव्ह, म्हणजे हिरवट. वायुदलाचा मात्र पिवळसर खाकी.

कोट: उघडी कॉलर, पुढे पाच बटणं, चार खिसे. सुरुवातीच्या कोटांच्या खिशांना चुण्या आणि नागमोडी झडपा. पुढे कापड आणि श्रम वाचवण्यासाठी आधी चुण्या गेल्या, मग झडपाही सरळ झाल्या.

बटणं: धातूची, खरखरीत पृष्ठभागाची, रंग दिलेली. ती दोऱ्याने शिवलेली नसत. छिद्रातून घालून आतून छोट्या कडीने अडकवलेली असत, म्हणजे कपडे धुताना काढता येत.

चिन्हं: छातीवर उजवीकडे गरुड. तपकिरी कापडावर निळसर राखाडी धाग्याने यंत्रावर विणलेला.

टोपी: पुढे लांब झाप असलेली सुती टोपी, दोन्ही बाजूंना हवेसाठी छिद्रं आणि भूदलाच्या टोपीला आतून लाल अस्तर.

पट्टे: चामडं उन्हात सुकून तडकतं, म्हणून कमरेचे आणि सामानाचे बरेचसे पट्टे जाड विणलेल्या सुताचे.

सहा प्रश्न विचारायचे

संग्राहक लोक, म्हणजे अशा वस्तू जमवणारे जाणकार, कोट हातात आला की त्याची जणू तोंडी परीक्षा घेतात. त्यांचे प्रश्न मी मुलांसाठी सोपे करून मांडलेत.

१. रंग कुठे उडालाय?
वाळवंटातलं ऊन आणि सततचं धुणं यांमुळे हिरवट कोट जवळजवळ पांढुरका व्हायचा. नवा आलेला सैनिक मुद्दाम टोपीचा रंग उडवायचा, म्हणजे आपण मुरलेले वाटू! पण ऊन सगळीकडे सारखं लागत नाही. खिशाच्या झडपेखाली, कॉलरच्या दुमडीत, खांद्याच्या पट्टीखाली मूळ हिरवा रंग टिकून राहतो. बनावट करणारा अख्खा कोट ब्लीचमध्ये बुडवतो किंवा चहाच्या पाण्यात रंगवतो. त्याच्या कोटावर झडपेच्या वर आणि खाली एकच रंग सापडतो. मुलांना हे चटकन पटतं. घड्याळ काढल्यावर मनगटावर दिसणारा गोरा पट्टा त्यांनी पाहिलेला असतोच की!

२. दोरा कसला आहे?
पॉलिएस्टरचा शोध इंग्लंडमध्ये १९४१ साली लागला, पण बाजारात तो युद्धानंतर आला. त्यामुळे १९४२चा म्हणवणाऱ्या जर्मन कोटाच्या मूळ शिलाईत पॉलिएस्टर दोरा निघाला, तर तो कोट नंतर शिवलेला आहे. सुटलेल्या दोऱ्याचं एक टोक जाळून बघतात: सूत कागदासारखं जळून राख होते, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. हा प्रयोग मोठ्यांनीच करायचा, आणि कोटाजवळ तर मुळीच नाही. शिवाय एखादा खिसा नंतर दुरुस्त केलेला असू शकतो. म्हणून एका टाक्यावरून निकाल देऊ नये.

३. अतिनील दिव्याखाली काय दिसतं?
नोटा तपासायचा निळसर दिवा तुम्ही पाहिला असेल. कपडे जास्त पांढरे दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत आणि आधुनिक दोऱ्यांत जी रसायनं असतात, ती या दिव्याखाली चमकतात. ती सर्रास वापरात आली युद्धानंतर. म्हणून चमकणारा दोरा संशय निर्माण करतो. पण इथे फसगत होते बरं का! खरा जुना कोट कोणी आजच्या पावडरीने धुतला तर तोही चमकेल. उलट रसायन न लावलेल्या सुताची ताजी नक्कल चमकणारच नाही. म्हणजे दिवा प्रश्न उभा करतो, उत्तर देत नाही.

४. आतले शिक्के काय म्हणतात?
कोटाच्या आत मापांचे पाच आकडे असत: पाठीची लांबी, गळा, छाती, एकूण लांबी आणि बाही. सोबत कोठाराचं अक्षर आणि साल. उदाहरणार्थ म्युनिकच्या कोठारासाठी 'एम' आणि पुढे ४१. सुरुवातीला शिवणाऱ्या कंपनीचं नावही असे. १९४२च्या अखेरीपासून नावाऐवजी सांकेतिक क्रमांक येऊ लागला. मापांचे आकडे प्रत्यक्ष कोटाशी जुळतात का, हे साध्या टेपने मोजता येतं. नक्कल करणारे अनेकदा एकच शिक्का सगळ्या मापांच्या कोटांवर मारतात आणि तिथेच सापडतात.

५. चिन्ह कोटाबरोबर म्हातारं झालंय का?
हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. कोट अस्सल, पण त्यावर नंतर चिन्हं शिवून 'भारी' केलेला, असा माल बाजारात फार. चिन्ह पहिल्यापासून तिथेच असेल तर त्याच्याखालचं कापड कमी विटलेलं असतं. कोट झिजलेला आणि गरुड कोरा करकरीत, असं दिसलं की थांबायचं. चिन्ह काढून टाकलेलं असेल तर जुन्या टाक्यांची भोकं आणि गडद सावली मागे उरते. ती सावलीसुद्धा पुरावाच असते.

६. गोष्ट आणि वस्तू एकमेकींना धरून आहेत का?
विकणारा कोटाबरोबर गोष्ट देतोच. "अमुक अधिकाऱ्याचा, तमुक लढाईतला." गोष्ट ऐकायची, पण पैसे वस्तूकडे बघून द्यायचे. सैनिकाचं पगारपुस्तक, पत्रं, जुना फोटो, कोणाकडून कोणाकडे वस्तू गेली याची नोंद असेल तर गोष्टीला वजन येतं. नसेल तर ती नुसती गोष्ट.

वर्गासाठी तीन कोडी

आता मुलांना कामाला लावूया. पुढचे तीन दावे फळ्यावर लिहा आणि गटात चर्चा होऊ द्या.

पहिला दावा: "हा कोट नोव्हेंबर १९४२मध्ये अल अलामेनला पकडलेल्या सैनिकाचा. डाव्या बाहीवर ताडाची झाडं आणि 'आफ्रिका' अशी अक्षरं असलेली पट्टी आहे."
उत्तर: ताडाच्या झाडांची ही पट्टी १५ जानेवारी १९४३ रोजी सुरू झाली. आफ्रिकेत साधारण सहा महिने सेवा केलेल्यांना किंवा तिथे जखमी झालेल्यांना ती सन्मान म्हणून मिळे. १९४२च्या नोव्हेंबरात कैद झालेल्या सैनिकाच्या अंगावरच्या कोटावर ती येणार कुठून? त्याआधी, जुलै १९४१पासून, 'आफ्रिकाकोअर' अशी रुपेरी अक्षरांची गडद हिरवी पट्टी होती, पण ती उजव्या बाहीवर. म्हणजे पट्टी नंतर शिवलेली, किंवा गोष्ट खोटी.

दुसरा दावा: "कोट अस्सल आहे, म्हणजे तो आफ्रिकेत लढलाच."
उत्तर: घाई नको. हाच सुती गणवेश सिसिली, इटली, ग्रीस अशा दक्षिण युरोपातल्या उष्ण भागांतल्या जर्मन सैनिकांनाही मिळाला, आणि तो आफ्रिकेतल्या शरणागतीनंतरही वापरात होता. कोट खरा, तरी 'वाळवंटातला' ही जोड वेगळी सिद्ध करावी लागते.

तिसरा दावा: "सिनेमात बघितलंय, १९३६मध्ये इजिप्तमध्ये जर्मन सैनिक असेच कपडे घालायचे."
उत्तर: १९८१चा 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' मुलांनी पाहिलेला असतो. त्यात १९३६ सालची गोष्ट आहे आणि जर्मन सैनिक वाळवंटी गणवेशात फिरतात. प्रत्यक्षात तेव्हा इजिप्तमध्ये जर्मन फौज नव्हती आणि आफ्रिका कोअर जन्मायला आणखी पाच वर्षं होती. सिनेमाचा कपडेपट म्हणजे पुरावा नव्हे.

इथेच मुलांना एक फरक सांगा. सिनेमासाठी किंवा जुने प्रसंग उभे करणाऱ्या हौशी मंडळींसाठी शिवलेला कोट ही नक्कल. ती नक्कल म्हणून विकली तर त्यात गैर काही नाही. तोच कोट मळवून, विटवून, शिक्का मारून अस्सल म्हणून विकला की ती बनावट. कापड एकच, फरक पडतो तो सांगणाऱ्याच्या शब्दात.

गरुडाच्या पायातलं चिन्ह

हा पाठ घेताना एक प्रश्न हमखास येतो: "सर, गरुडाच्या पायात आपलं स्वस्तिक कसं काय?" हा प्रश्न टाळू नका.

आपल्या उंबरठ्यावरचं, वहीच्या पहिल्या पानावरचं स्वस्तिक फार जुनं आणि मंगल. नाझी पक्षाने तशा आकाराचं तिरकं चिन्ह झेंड्यावर घेतलं. जर्मनमध्ये त्याला हाकेनक्रॉइझ, म्हणजे आकड्यांचा क्रूस म्हणतात. त्या चिन्हाखाली लाखो ज्यूंची आणि इतर अनेकांची हत्या झाली. आजही जर्मनीत ते जाहीरपणे मिरवणं गुन्हा आहे. शिक्षण, संशोधन, कला यांसाठी अपवाद ठेवलेला आहे. म्हणजे वर्गात समजावून सांगता येतं, पण छातीवर लावून हिंडता येत नाही. हा फरक मुलांना नीट कळतो, आपण नीट सांगितला तर.

दुसरी गोष्ट. वाळवंटातली लढाई म्हणजे 'सभ्य लढाई', रोमेल म्हणजे दिलदार शत्रू, असं चित्र सिनेमांनी आणि पुस्तकांनी रंगवलं. पण नोव्हेंबर १९४२मध्ये जर्मन फौजा ट्युनिशियात उतरल्या, तेव्हा मागोमाग एसएसचं पथकही आलं. त्याचा प्रमुख वॉल्टर राउफ. माणसं मारण्यासाठी विषारी वायूच्या गाड्या तयार करण्यात याच माणसाचा हात होता. ट्युनिशियातल्या सुमारे ५,००० ज्यू पुरुषांना तिथे सक्तीच्या मजुरीला जुंपलं गेलं. म्हणून कोटाचं कापड कितीही देखणं वाटलं तरी तो कोणाच्या सेवेत होता हे सांगितल्याशिवाय पाठ पुरा करू नये. एखाद्या मुलाला या गणवेशाचं नुसतंच आकर्षण वाटू लागलं आहे असं दिसलं, तर पालकांनी रागावण्याआधी बोलावं. "हे घालणाऱ्यांनी काय केलं?" एवढा एक प्रश्न विचारावा.

आणि आपली माणसं?

ती या लढाईत दुसऱ्या बाजूला होती. २० जून १९४२ रोजी जर्मनांनी लिबियातल्या टोब्रुकवर हल्ला चढवला. आग्नेयेकडच्या ज्या भागावर तो आदळला, तिथे मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं. तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले, त्यांत आपले मराठी जवानही होते. पुढे पारडं फिरलं, आणि मे १९४३मध्ये ट्युनिशियात जर्मन सेनापती फॉन आर्निम चौथ्या भारतीय डिव्हिजनच्याच हाती लागला. पाठ्यपुस्तकात दुसऱ्या महायुद्धाचं पान येतं तेव्हा एवढं जरूर सांगा. साताऱ्या-सांगलीकडच्या, कोकणातल्या कितीतरी घरांत या लढाईतलं कोणीतरी असतं.

त्या कोटाचं काय झालं?

आठ दिवसांनी ताई, त्यांची मुलगी आणि मी, तिघं कोट पसरून बसलो. प्रश्न विचारायचं काम मुलीला दिलं.

खिशाची झडप उचलली. खाली रंग अधिक गडद होता, पण खाकी. हिरवटपणाचा मागमूस नाही. छातीवर उजवीकडे टाक्यांची भोकं नाहीत, गरुडाची सावली नाही. आतल्या बाजूला मापांचे पाच आकडे नाहीत. मग मुलीनेच मोबाइलच्या उजेडात आतल्या दुमडीवर एक पुसट शिक्का शोधला: कोंबडीच्या पायासारखा तीन रेघांचा बाण आणि त्याला लागून इंग्रजी 'आय' अक्षर. बाण ही ब्रिटिश सरकारी मालाची खूण, आणि 'आय' म्हणजे इंडिया. कोट जर्मन नव्हता. तो हिंदुस्थानात शिवलेला, आपल्याच फौजेचा खाकी ड्रिलचा कोट होता.

ताईंचा चेहरा उतरला. "म्हणजे आजेसासरे खोटं बोलले?"

"नाही हो ताई," मी म्हटलं. "ते कोट दाखवून नेमकं काय म्हणायचे, आठवतंय?"

त्यांनी घरी फोन लावला. सासूबाईंनी सांगितलं, "मामंजी म्हणायचे, हा माझा जर्मन लढाईतला कोट."

झाला उलगडा! आपल्याकडे जुनी माणसं महायुद्धाला 'जर्मनची लढाई' म्हणत. 'जर्मन लढाईतला कोट' तीन पिढ्यांत 'जर्मन कोट' झाला. मधला एक शब्द गळला आणि स्वतःचा कोट शत्रूचा झाला. कोणी खोटं बोललं नव्हतं. मौखिक साधन असंच बदलतं. म्हणून ते टाकून द्यायचं नसतं, तर भौतिक आणि लिखित साधनांशेजारी ठेवून ताडून बघायचं असतं. कोट, त्यावरचा शिक्का आणि सासूबाईंची आठवण: तिन्ही साधनं एका टेबलावर आली तेव्हा कुठे खरं हाती लागलं.

आणि विचार करा, तो बिल्ला शिवला असता तर? एक बनावट जर्मन कोट बाजारात गेला असता आणि एका मराठी सैनिकाची उरलेली एकुलती एक खूण कायमची पुसली गेली असती. फीचा प्रश्न कोटाने सुटला नाही, हे खरं. त्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज आम्ही मिळून भरला. पण ताई कोट घेऊन गेल्या त्या पिशवीत कोंबून नाही, स्वच्छ पंचात गुंडाळून. आता घरात पणजोबांच्या पेन्शनच्या कागदांची शोधाशोध चालू आहे. पलटणीचं नाव आणि नंबर मिळाला की पुढची चौकशी करता येईल.

तुमच्या वर्गासाठी उपक्रम

जर्मन कोट कोणाकडे नसतो, आणि त्याची गरजही नाही. प्रत्येक मुलाला घरातली एक जुनी वस्तू निवडायला सांगा: आजीची पैठणी, आजोबांचं घड्याळ, पितळी डबा, जुनी छत्री. मग एका पानावर चार गोष्टी लिहायच्या.

१. घरचे या वस्तूबद्दल काय सांगतात? शक्यतो त्यांच्याच शब्दांत लिहा.
२. वस्तूवर कोणती अक्षरं, शिक्के, आकडे आहेत?
३. झीज कुठे झाली आहे, दुरुस्ती कुठे दिसते?
४. गोष्ट आणि वस्तू कुठे जुळतात, कुठे जुळत नाहीत?

पालकांना एक विनंती. वस्तू घासूनपुसून चकचकीत करून पाठवू नका. जुनं कापड असेल तर धुऊ नका, इस्त्री करू नका. डाग आणि सुटलेला टाका हाच तर तिचा जबाब असतो. आणि गोष्ट खोटी ठरली तर मुलाला हसू नका, 'मग असं का सांगितलं गेलं असेल?' हे त्याच्याबरोबर शोधा.

आमच्या वर्गात त्या मुलीने चौथ्या प्रश्नाखाली एकच ओळ लिहिली होती: "कोट जर्मन नाही, पण पणजोबा खरे आहेत." तिला मी पैकीच्या पैकी गुण दिले.